जुन्या रेकॉर्ड्स घरच्या घरी कशा धुवाव्यात

पाणी घेण्याआधी हातातली रेकॉर्ड कशाची आहे ते ठरवा. लाखेची की व्हायनिलची? माळ्यावरून उतरवलेल्या पेटीत बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच निघतात. दोन्ही काळ्या, गोल आणि धुळीने माखलेल्या. पण एकीला जे मानवतं त्याने दुसरीची कायमची वाट लागते.

लाखेची तबकडी म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची. लाख हा तिच्यातला फक्त बांधणारा पदार्थ, बाकी बराचसा भाग दगडाची बारीक भुकटी. हातात घेतली की आकाराच्या मानाने जड लागते, वाकत नाही, कडेला नखाने टिचकी मारली तर खणखणीत वाजते आणि हातून सुटली तर तुकडे होतात. व्हायनिलची एलपी, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची मोठी रेकॉर्ड, किंवा ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड हलकी असते, जराशी लवते, टिचकीला बद्द आवाज देते. शंका असेल तर लेबलवर फेऱ्यांचा आकडा बघा. गाण्याच्या सालावरून मात्र अंदाज बांधू नका. अमेरिकेत एलपी १९४८ मध्ये आली, तरी आपल्याकडे ७८च्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे ‘साठनंतरचं गाणं म्हणजे व्हायनिल’ हा हिशेब इथे चुकतो.

हे आधी सांगायचं कारण स्पिरिट. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो. तेच रसायन इथेही लागू. स्पिरिटचा किंवा सॅनिटायझरचा बोळा ७८च्या तबकडीवर फिरवलात की गाणं बोळ्यावर उतरतं. व्हायनिलला मात्र थोडं अल्कोहोल पाण्यात मिसळून चालतं.

एक तिसरा प्रकार क्वचित सापडतो. मध्ये धातूची पातळ चकती आणि वर काळा चकचकीत थर. कडेला किंवा मधल्या भोकात धातू चमकताना दिसतो, लेबल हाताने लिहिलेलं असतं. ही साच्यात दाबून काढलेली रेकॉर्ड नव्हे, थेट कोरलेली आहे आणि बहुधा एकुलती एक प्रत. तिला पाणी लावू नका. पुसूही नका. कागदात उभी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९०पासून आहे. अशा वस्तूंबद्दल विचारायला असं ठिकाण बरं.

घाण नेमकी कुठे असते

एलपीची खाच वरच्या तोंडाशी साधारण ५० ते ६० मायक्रॉन रुंद असते, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही अरुंद. वीस मिनिटांच्या एका बाजूची ही एकच सलग खाच उलगडून सरळ केली तर चारशे मीटरहून लांब भरेल. त्या चिंचोळ्या घळीत धूळ, बोटांचं तेल, उदबत्तीचा आणि सिगारेटचा धूर, कव्हरच्या पुठ्ठ्याचा भुगा आणि कोकणातलं किंवा मुंबईतलं घर असेल तर बुरशी, असं सगळं वर्षानुवर्षं दाबलं गेलेलं असतं. वरवर पुसून चकचकीत केलेली रेकॉर्ड म्हणूनच खरखरते. कापड खाचेत उतरतच नाही.

‘धुतली आणि खरखर वाढली’ अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. ती खोटी नसते. साबणाच्या पाण्याने खाचेतली घाण सुटते, पाण्यात तरंगते, आणि ते पाणी तिथेच वाळलं की गाळ होऊन तळाशी बसतो. आधी कोरडी धूळ होती, आता चिखल वाळला. कपडे धुणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. साबण चोळण्याइतकंच खळबळणं महत्त्वाचं. रेकॉर्डच्या बाबतीत तर मी म्हणेन, धुण्यात थोडी कसर राहिली तरी चालेल, खळबळण्यात राहता कामा नये. पुढची सगळी कृती याच एका गोष्टीभोवती आहे. खाचेत जे घालाल ते सगळं बाहेर निघालं पाहिजे.

धुऊन फायदा होईल का

दिव्याखाली तिरपी धरून बघा आणि वाजत असेल तर दोन मिनिटं ऐका. एलपीचा एक फेरा १.८ सेकंदांत होतो. ‘टक्’ असा आवाज नेमक्या तेवढ्याच अंतराने येत राहिला तर तो आडवा ओरखडा समजा, धुऊन जाणार नाही. अनियमित तडतड, मध्येच जास्त, मध्येच कमी, ही बहुधा घाण किंवा स्थिर वीज. ती जाते. तारसप्तकात आवाज फाटत असेल, विशेषतः बाजूच्या शेवटच्या गाण्यात, तर खाच झिजली आहे. लाखेच्या तबकडीवर ही झीज डोळ्यांनाही दिसते. जिथे पोलादी पिन शेकडो वेळा फिरली तिथे काळ्याऐवजी करडा पट्टा असतो. अशी तबकडी धुवा जरूर, पण आवाज फार सुधारेल अशी आशा धरू नका.

सुई एकाच जागी अडकत असेल तर लगेच ओरखड्याला दोष देऊ नका. घड्याळजी वापरतात तसलं दहापट भिंग लावून बघा. पुष्कळदा तिथे कडक झालेला एखादा कण निघतो. तो भिजवून, ओल्या टूथपिकने खाचेच्या दिशेने हलकेच सरकवला की गाणं पुढे जातं.

सामान

पाणी डिस्टिल्डच हवं. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. फक्त लेबल वाचून घ्या, कारण ॲसिड मिसळलेलं बॅटरीचं द्रावणही त्याच फळीवर असतं. बोअरवेलच्या पाण्यात क्षार इतके की वाळल्यावर खाचेत पांढरी पूड उरते. आरओचं पाणी पहिल्या धुण्याला ठीक, शेवटच्या खळबळण्याला नाही. एसीतून ठिबकणारं पाणी फुकटचं डिस्टिल्ड म्हणून साठवणारे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नका. कॉइलवरची धूळ आणि शेवाळ त्यात उतरलेलं असतं.

नुसतं पाणी खाचेत शिरत नाही, थेंब होऊन वर बसतं. त्यासाठी त्याचा पृष्ठताण कमी करणारं काहीतरी लागतं. फोटोच्या फिल्म धुताना शेवटी वापरतात ते वेटिंग एजंट, म्हणजे कोडॅकचं फोटो-फ्लो किंवा इल्फर्डचं इल्फोटॉल, अजूनही फोटोग्राफीच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतं. एक लिटर पाण्यात दहा ते पंधरा थेंब पुरे. फिल्मसाठी सांगितलेल्या मात्रेपेक्षा हे बरंच कमी आहे आणि ते मुद्दामच. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे जतनतज्ज्ञ टर्जिटॉल नावाचं नॉन-आयॉनिक द्रव्य सुचवतात. मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसायला नको.

भांड्यांचा लिक्विड साबण, शाम्पू, काच पुसायचा निळा स्प्रे यांत रंग, सुवास, कंडिशनर, अमोनिया असं काही ना काही असतं आणि ते मागे राहतं. सर्जिकल स्पिरिट आणि सॅनिटायझरही त्याच कारणासाठी बाद. एलपी फारच तेलकट असेल तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. लिटरमागे १०० ते १५० मिली, आणि तेही फक्त व्हायनिलला. त्याचा भडका उडतो. ओट्यावर गॅस पेटलेला असताना किंवा देवघरातल्या दिव्याशेजारी हे काम मांडू नका.

ब्रश विकत मिळतात, पण मला मखमलीचा ठोकळा जास्त आवडतो. ब्लाऊजपीसची मखमल आणा, रंग जाणं पूर्ण थांबेपर्यंत गरम पाण्यात धुवा, आणि शाळेतल्या डस्टरएवढ्या लाकडी ठोकळ्याभोवती ताणून मागून टाचा. मखमलीचे उभे तंतू खाचेपेक्षा बारीक असतात, आत शिरतात. असे दोन ठोकळे करा, एक धुण्याचा, एक खळबळण्याचा. खुणेला वेगळ्या रंगाची मखमल घ्या, म्हणजे अदलाबदल होणार नाही. शिवाय दोन स्प्रे बाटल्या, मायक्रोफायबरची तीन-चार फडकी, कोरडी धूळ काढायला कार्बन फायबरचा ब्रश आणि भिंग.

लेबल वाचवा

मधला कागद भिजला की रंग पसरतो, कधी सुटूनच येतो. रेकॉर्ड वाचली आणि लेबल गेलं तर कोण गातंय हे पुढच्या पिढीला कळणार नाही, आणि संग्राहकाच्या लेखी तिची निम्मी किंमत गेली.

एलपीचं लेबल साधारण दहा सेंटिमीटर व्यासाचं असतं. त्याच्याहून किंचित मोठी, श्रीखंडाच्या डब्याची दोन गोल झाकणं घ्या आणि दोन्हींना बरोबर मध्ये भोक पाडा. पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणून झाकणाच्या आतल्या काठावर बसेल अशी रबराची सपाट कडी कापा आणि चिकटवा. रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना झाकणं लावून मधून ६ एमएमचा बोल्ट घाला, वॉशर घाला, विंग नट हाताने आवळा. रेकॉर्डचं भोक सात मिलिमीटरच्या थोडं वर असतं, त्यामुळे हा बोल्ट सहज जातो. अति आवळलं तर झाकण वाकून कडेने पाणी शिरतं. रबर नुसतं दबेल इतपत पुरे. पहिली चाचणी टाकाऊ रेकॉर्डवर घ्या. लांब बोल्ट घेतलात तर तोच धरायला मूठ होतो आणि वाळवताना टांगायलाही उपयोगी पडतो. ७८च्या तबकडीचं लेबल बहुधा लहान असतं, तिला वेगळी झाकणं करावी लागतात. मोठं झाकण शेवटच्या खाचांवर बसलं तर तेवढा भाग धुतलाच जात नाही.

एलपी धुण्याची कृती

हात साबणाने धुवा, कोरडे करा. रेकॉर्ड कायम कड आणि लेबल यांनाच धरायची.

आधी कोरडी धूळ काढा. टर्नटेबलवर ठेवून फिरती राहू द्या आणि कार्बन ब्रश हलका टेकवून दोन-तीन फेरे होऊ द्या, मग ब्रश सावकाश बाहेरच्या कडेकडे न्या. हा टप्पा गाळलात तर मोकळी वाळू ओली होऊन मखमलीत अडकते आणि ठोकळा खरकागद बनतो.

आता लेबलची झाकणं लावा. सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरा आणि त्यावर रेकॉर्ड आडवी ठेवा. वेटिंग एजंटचं पाणी संपूर्ण पृष्ठभागावर फवारा. थेंबाथेंबाने न राहता पाणी सलग पसरलं पाहिजे. नाही पसरलं तर मात्रा दोन थेंबांनी वाढवा. एक-दोन मिनिटं भिजू द्या. वर्षानुवर्षं बसलेली घाण लगेच सुटत नाही, घासण्याचा जोर वाढवून तर नाहीच. मग मखमलीचा ठोकळा खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल, चार-पाच फेरे उजवीकडून आणि तितकेच डावीकडून. वजन ठोकळ्याचं, तुमचं नव्हे. मधून कडेकडे आडवं घासू नका.

ठोकळा उलटून बघा. पहिल्या बाजूलाच मखमल तपकिरी झालेली दिसेल. ती स्वच्छ पाण्यात पिळून घ्या, नाहीतर पुढच्या रेकॉर्डला मागचीची घाण लागते. मखमल रंगलेली निघतेय तोवर फवारणं-घासणं पुन्हा.

पाणी वाळू न देता लगेच रेकॉर्ड उभी धरा आणि नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा फवारा वरपासून खालपर्यंत मारा. बोल्ट फिरवत सगळा परीघ येऊ द्या. मग आडवी ठेवून भरपूर पाणी, खळबळण्याचा ठोकळा आणि गोल फेरे. पुन्हा उभी धरून फवारा. एका बाजूला शंभर ते दीडशे मिली पाणी गेलं तर ते वाया गेलं असं मानू नका. काटकसर करायचीच असेल तर धुण्याच्या पाण्यात करा. खाली पडणारं पाणी पांढऱ्या वाटीत धरून बघा. फेस येत असेल किंवा गढूळ असेल तर अजून एकदा.

वाळवताना मायक्रोफायबर पृष्ठभागावर टेकवून पाणी शोषून घ्या आणि मग गोल दिशेने हलकं फिरवा. एका फडक्याने पाणी, दुसऱ्या कोरड्याने ओल. नंतर भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी ठेवा, एकमेकींना न टेकता. पंखा सुरू असेल तर अर्ध्या-पाऊण तासात वाळते, पावसाळ्यात जास्त वेळ धरा. गॅलरीत उन्हात ठेवायची नाही आणि हेअर ड्रायरही नको. व्हायनिल उष्णतेने वाकडं होतं आणि सरळ करण्याचे घरगुती उपाय क्वचितच नीट जमतात. धुण्याचं पाणीही कोमटच्या पुढे नको.

सुई लावायची ती पूर्ण वाळल्यावरच.

लाखेची तबकडी

इथे अल्कोहोल अजिबात नाही, हे पुन्हा सांगतो. पाणीही गार. वेटिंग एजंटचं तेच पाणी चालतं, पण भिजत ठेवायचं नाही. आतल्या भुकटीला आणि भरणीला कडेच्या कपच्यांतून, भेगांतून पाणी लागलं की ती फुगते आणि भेग वाढते. म्हणून आधी दिव्यासमोर धरून केसासारखी भेग शोधा. असेल तर ओलं धुणं रद्द, मऊ ब्रशने कोरडी धूळ काढून थांबा.

शाबूत असेल तर मखमलीवर पाणी फवारा, तबकडीवर नको. दोन-तीन गोल फेरे, लगेच डिस्टिल्ड पाण्याने ओलावलेला दुसरा ठोकळा, लगेच कोरडं फडकं. एक बाजू दोन मिनिटांत उरकली पाहिजे. ७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते, त्यामुळे घाण इथे तुलनेने सहज निघते आणि फारशी झटापट करावी लागत नाही. काम टेबलावर, खाली जाड गोधडी घालून करा. ओल्या हातांतून निसटलेली बालगंधर्वांची किंवा हिराबाईंची तबकडी परत जोडता येत नाही.

दोन तबकड्या एकमेकींना चिकटून बसल्या असतील तर उपटू नका, पिळूही नका. पातळ कागद कडेकडून थोडा थोडा सरकवत न्या. जिथे अडेल तिथे सोडून द्या.

बुरशी

पांढरे जाळीदार ठिपके दिसले तर नाकातोंडाला मास्क लावा आणि पहिलं कोरडं झटकणं घराबाहेर करा. खोलीत झटकलंत तर बीजाणू बाकीच्या संग्रहावर बसतात. त्या रेकॉर्डसाठी वेगळी मखमल ठेवा आणि काम झाल्यावर ती टाकून द्या. व्हायनिलला अल्कोहोल घातलेलं पाणी इथे खरंच उपयोगी पडतं. आतली कागदी पिशवीही टाकून द्या, तिच्यात बुरशी जिवंत असते. बुरशीने पृष्ठभागच खाल्ला असेल तर धुतल्यावरही त्या जागी सळसळ राहील, तेवढी चालवून घ्यावी लागते.

फेविकॉलचा प्रयोग

व्हायनिलवर लाकूड चिकटवायच्या डिंकाचा जाड थर द्यायचा, वाळला की सालपटासारखा सोलायचा, आणि घाण त्याच्याबरोबर निघते, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. जमलं तर खरंच निघते. पण थर कुठे पातळ पडला तर तो तुटतो आणि तुकडे खाचेत अडकतात. आपल्या दमट हवेत तो आतून ओला राहिलेला कळतही नाही. लाखेच्या तबकडीवर तर डिंक पक्का बसतो आणि सोलताना पृष्ठभागच उपटतो. करून बघायची खुमखुमीच असेल तर अगदी स्वस्तातल्या, कुणालाही नको असलेल्या एलपीवर करा. रॉकेल, खोबरेल तेल आणि पॉलिश यांच्याबद्दल चर्चाच नको. बाजारातून आणलेली जुनी रेकॉर्ड अस्वाभाविक चकाकत असेल आणि बोटाला बुळबुळीत लागली तर कुणीतरी तेलाचा हात फिरवलाय असं समजा आणि ती अल्कोहोलच्या पाण्याने दोनदा धुवा.

संग्रह काही शेकड्यांत असेल तर पाणी ओढून घेणारं व्हॅक्यूमचं यंत्र घेण्याचा विचार करावा. खळबळलेलं पाणी खाचेतून खेचून काढण्याचं काम ते हातापेक्षा चांगलं करतं. पन्नासेक रेकॉर्ड्ससाठी श्रीखंडाची झाकणं पुरतात.

सुई, पिशवी, कपाट

धुतलेली रेकॉर्ड पहिल्यांदा वाजवून झाल्यावर सुई बघा. टोकाशी करडी लव जमलेली असेल तर मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मुळाकडून आपल्याकडे, एकदाच ओढा. उलट दिशेने ओढलात तर सुई वाकते. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या जुन्या छोट्या प्लेअरवर सुई उलटवण्याची खिट्टी असते. एका बाजूला ७८ची जाड सुई, दुसरीकडे एलपीची. एलपी लावताना ती योग्य बाजूला आहे ना ते बघा. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीच लावू नका. त्याच्या पिनेचं वजन खाच एका फेरीत कोरून काढतं. त्या ग्रामोफोनवर लाखेच्या तबकडीलाही दर बाजूला नवी पिन लागते.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या पिशवीत परत घातली तर सगळी मेहनत फुकट. पॉलिथिनचं अस्तर असलेल्या नव्या आतल्या पिशव्या घ्या. बाहेरून जाड, मऊ, वास येणारं पीव्हीसीचं कव्हर नको, त्यातलं द्रव्य उतरून व्हायनिलवर धुरकट डाग पडतात. पुठ्ठ्याचं कव्हर पाण्याने पुसू नका, कोरड्या ब्रशने झटका आणि सावलीत उघडं ठेवून वाळवा. कसर लागली असेल तर कडांच्या घड्यांत नीट बघा, ती तिथेच असते.

कपाटात रेकॉर्ड्स सरळ उभ्या, फार दाटीने नको आणि तिरप्या कललेल्या तर अजिबात नको. कव्हरसकट शंभर एलपींचं वजन वीस-पंचवीस किलो होतं, फळी तशी हवी. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका. डांबरगोळ्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते, त्या साड्यांच्या कपाटातच बऱ्या. त्यांच्याऐवजी सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि जुलै-ऑगस्टात महिन्यातून एकदा बदला किंवा मंद ओव्हनमध्ये सुकवा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळ्या एकदा बाहेर काढून बघा. ज्यांच्यावर ठिपका दिसेल तेवढ्याच धुवायला घ्या. बाकीच्यांना वाजवण्याआधी कार्बन ब्रशचे दोन फेरे पुरतात.